नवा कॅमेरा घेण्याआधी हुकलेल्या फोटोंचा हिशेब

मे महिन्यात, लग्नाची धामधूम जरा ओसरल्यावर, एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. दोन वर्षांपासून गावाकडच्या लग्नाच्या ऑर्डरी घेतो. कॅमेरा कॅननचा १५००डी, त्यावर सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स. आल्या आल्या म्हणाला, "दादा, फुल फ्रेम घ्यायचा ठरवलाय. हप्त्यावर मिळतोय. घेऊ ना?" फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा (फोटो टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा; त्याचा १५००डी लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरचा.

मी म्हटलं, "आधी फोटो दाखव. चांगले नकोत. जे तू पार्टीला दिले नाहीस ते दाखव."

त्यानं उघडला तो फोटो हाराचा होता. अंतरपाट नुकताच बाजूला झालेला, नवरीनं दोन्ही हात वर केलेले, अक्षता हवेत. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा केला. नवरीचे हात पुसल्यासारखे, हारातल्या झेंडूंचा नुसता केशरी पट्टा झालेला. पण मागच्या पडद्याची जरीची किनार? तिचा धागा न् धागा मोजून घ्या. खाली नोंद होती: ५५ मिमी (लेन्स किती लांबची), एफ/५.६ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), १/६० सेकंद (शटर उघडं राहिलं तो वेळ), आयएसओ ३२०० (उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात).

या एका फोटोत त्याच्या प्रश्नाचं उत्तर होतं. किनार स्वच्छ आली, म्हणजे हात हलला नव्हता आणि लेन्सही खराब नव्हती. हलली ती नवरी, आणि तिला थांबवायला १/६० पुरत नाही. शटरचा वेग वाढवायला उजेड हवा होता आणि ५५ मिमीवर ती लेन्स एफ/५.६च्या पलीकडे उघडतच नाही. हाच फोटो ५० मिमीच्या एफ/१.८ लेन्सनं एफ/२ला काढला असता तर आठपट उजेड आत आला असता. म्हणजे शटर १/२५० आणि आयएसओ उलट खाली, १६००वर. ही लेन्स दहा हजारांच्या आसपास येते. तो दीड लाखाचा खड्डा खणायला निघाला होता.

आता असा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी नव्या कॅमेऱ्यांबद्दल बोलत नाही. हुकलेले फोटो मागतो. साधन बदलायची वेळ झाली की नाही हे तेच सांगतात. कसं, ते सविस्तर लिहितो.

पहिलं काम: हुकलेल्या फोटोंची वही

एक साधी वही घ्या. पुढच्या चार-पाच ऑर्डरी, किंवा हौस म्हणून काढत असाल तर पुढचे दोन महिने, प्रत्येक शूटनंतर फोटो निवडताना जो फोटो हवा होता पण टाकावा लागला त्याची एक ओळ लिहा. प्रसंग कोणता, लेन्स किती मिमीवर, छिद्र किती, शटर किती, आयएसओ किती, आणि फोटो का टाकला. जो फोटो काढताच आला नाही तोही लिहा. फ्लॅश तयार नव्हता, बॅटरी संपली, कॅमेरा एकामागून एक फोटो घेता घेता अडकला, समोर मामा येऊन उभे राहिले, सगळं.

मामा उभे राहिले ही ओळ गंमत म्हणून लिहायची नाही. पहिल्या वहीत अशा ओळी बऱ्याच निघतात, आणि त्यांवर कुठलाही कॅमेरा इलाज करू शकत नाही. तिथे भटजींशी आणि घरच्यांशी विधी सुरू व्हायच्या आधी दोन शब्द बोलून ठेवावे लागतात.

सोबत उलटी तपासणीही करा. लाइटरूम हे फोटो निवडायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या लायब्ररीत मेटाडेटाची, म्हणजे फोटोसोबत नोंदलेल्या आकड्यांची, गाळणी असते. गेल्या वर्षभरात पार्टीला दिलेले फोटो त्यात घाला आणि बघा, कोणत्या मिमीवर किती काढले. कुणाचे बहुतेक फोटो १८ मिमीवर निघतात. त्याला मंडपात मागे सरकायला जागा मिळत नाही, त्याची गरज रुंद लेन्सची आहे. कुणाचे सगळे लेन्सच्या शेवटच्या टोकाला, ५५वर. तो लांबून काढतोय, त्याला एक तर पुढे जायला हवं किंवा लांबची लेन्स हवी. आपल्याला वाटत असतं आपण अमुक पद्धतीनं काढतो, आणि आकडे भलतंच सांगतात. मी अनेक वर्षं स्वतःला लांबच्या लेन्सचा माणूस समजत होतो. आकडे काढले तेव्हा निवडलेल्यातले निम्म्याहून जास्त फोटो ३५ ते ५०च्या दरम्यानचे निघाले. त्या वर्षी ७०-२००ची मोठी लेन्स घेणार होतो, ती घेतली नाही.

दुसरं काम: फोटोत नेमकं काय बिघडलं ते ओळखणं

इथे घाई करू नका, कारण पैसे वाया जातात ते इथेच. "फोटो शार्प नाही" ही तक्रार एकच असली तरी त्यामागची कारणं निराळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. फोटो शंभर टक्क्यांवर उघडा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश बघा.

सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं दिसतंय, समईच्या ज्योतीला किंवा दिव्यांच्या माळेला शेपूट आलंय, तर तुमचा हात हलला. इलाज म्हणजे शटर वाढवणं, कोपरं अंगाला टेकवून उभं राहणं, किंवा लेन्समध्ये वा बॉडीत, म्हणजे कॅमेऱ्यात, असलेलं स्थिरीकरण.

मागचं स्वच्छ आणि माणूस तेवढा पुसलेला, तर माणूस हलला. इथे बॉडीतलं स्थिरीकरण काडीचं उपयोगी नाही. ते तुमचा हात स्थिर ठेवतं, नवरीचा नाही. दुकानात "यात इनबॉडी स्टॅबिलायझेशन आहे, कमी उजेडात फोटो हलणार नाही" असं सांगतात ते अर्धंच खरं असतं, आणि लग्न काढणाऱ्यासाठी उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या लग्नात हमखास दिसते. मुंडावळ्यांचा मोती टोकदार, त्यावरची चकाकीसुद्धा दिसते, आणि डोळे मऊ. मोती डोळ्यांच्या पुढे लोंबतो, शिवाय चकाकतो, त्यामुळे कॅमेऱ्यानं त्यालाच धरलं. हा फोकसचा दोष. जुन्या स्वस्त डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) फोकसचे बिंदू मोजकेच असतात. १५००डीत नऊ, निकॉनच्या डी३५००मध्ये अकरा, आणि तेही फ्रेमच्या मध्यभागी गोळा झालेले. एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवायची सवय लावली तर यातले बरेच फोटो वाचतात. सगळे वाचत नाहीत, त्याबद्दल पुढे येईन.

चौथं, कुठेच काही टोकदार नाही, ट्रायपॉडवर ठेवून उन्हात काढलं तरी नाही. मग लेन्स बघा. पुढची काच, मागची काच, आणि आत टॉर्च मारून फंगस. आधी लेन्स साफ करून घ्या. काही डीएसएलआर सातत्यानं थोडं पुढे किंवा थोडं मागे फोकस करतात. मधल्या वर्गाच्या बॉडीत हे मेनूतून दुरुस्त करता येतं. १५००डी आणि डी३५००मध्ये ती सोय नाही, तिथे सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं.

आणि पाचवं, दाणे. फोटो दाणेदार दिसला की माणूस लगेच सेन्सरला दोष देतो. पण बघा, तो फोटो काढतानाच काळा आला होता आणि नंतर संगणकावर उजळला का? नाटकाचे फोटो काढणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. रंगमंचावर चेहऱ्यावर प्रखर झोत आणि मागे मिट्ट काळोख. एक तर मीटर काळोखाला भुलून चेहरा पांढराफटक करतो, नाहीतर त्या भीतीनं आपण इतकं कमी करून ठेवतो की बाजूच्या पात्राचा चेहरा नंतर दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळावा लागतो. ते दाणे आपण स्वतः पेरलेले असतात. मॅन्युअलवर, चेहऱ्याचा उजेड मोजून काढा. तोच कॅमेरा पुष्कळ बरा वाटायला लागतो.

तिसरं काम: फुकटचे आणि स्वस्तातले इलाज आधी संपवा

जेपेगवर काढत असाल तर रॉवर, म्हणजे सेन्सरनं टिपलेला सगळा तपशील ठेवणाऱ्या फायलींवर, या. कॅनन आणि निकॉन दोघांचीही रॉ उघडायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. २०२३पासून लाइटरूममध्ये दाणे काढायची नवी सोय आली आहे. तिच्यामुळे आयएसओ ६४००चा जो फोटो आम्ही पूर्वी सोडून द्यायचो तो आज अल्बममध्ये जातो. मात्र चेहरा रंगवल्यासारखा गुळगुळीत होईपर्यंत ती ओढू नका. जुन्या सेन्सरची उमर या एका गोष्टीनं दोन-तीन वर्षांनी वाढली, असं माझं मत आहे.

फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, तपासा. २०१९च्या एप्रिलमध्ये सोनीनं ए७ ३ या कॅमेऱ्याला नवं फर्मवेअर दिलं आणि डोळा पकडायची त्याची रीतच सुधारली, एक पैसा न देता. तुमच्या कॅमेऱ्यासाठी असं काही पडून आहे का ते कंपनीच्या साइटवर बघायला दहा मिनिटं लागतात.

मग फ्लॅश. तरुण मुलं हल्ली फ्लॅशला नाकं मुरडतात, पण कार्यालयात फ्लॅशइतकं स्वस्त दुसरं काही नाही. छताला मारलेला फ्लॅश मोठ्या खिडकीसारखा मऊ उजेड देतो, आणि त्याची लखलख इतक्या कमी वेळाची असते की हलता हात गोठतो. अट एकच, छत पांढरं आणि फार उंच नसलेलं हवं. कापडी मांडव असेल आणि वर गुलाबी-जांभळी झालर असेल तर सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे होतात. अशा ठिकाणी शेजारची पांढरी भिंत शोधायची, नाहीतर फ्लॅश छत्रीत घालून बाजूला उभा करायचा. फ्लॅशला चांगले रिचार्जेबल सेल घाला आणि जास्तीचा संच खिशात ठेवा. पूर्ण ताकदीनं मारल्यावर पुन्हा भरायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात, आणि अक्षता त्याची वाट बघत नाहीत.

कार्डही याच खात्यात. एकामागून एक फोटो घेताना कॅमेरा अडकत असेल तर बॉडीला दोष देण्याआधी कार्डावरची खूण बघा. व्ही३० म्हणजे सलग सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. जुनं, सावकाश कार्ड कितीही चांगल्या कॅमेऱ्याला लंगडं करतं.

चौथं काम: लेन्स, मग बॉडी

वहीतला दोष अजूनही शिल्लक असेल तर पहिला रुपया लेन्सवर घाला. सुरुवातीला जो हिशेब दिला तो इथे थोडा उलगडतो, कारण यावरच बहुतेकांचा विश्वास बसत नाही.

क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर गेलात तर सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण सव्वादोन ते अडीचपट होतं. म्हणजे एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त फायदा. एफ/५.६ची लेन्स बदलून एफ/२वर काम केलंत तर फायदा तीन स्टॉपचा. पहिल्याला लाखाच्या पुढे लागतात, दुसऱ्याला दहा हजार. त्यातून फुल फ्रेम घेऊन पैसे संपले म्हणून त्यावर पुन्हा एफ/४-५.६ची साधी झूम लावली, तर हार पुन्हा पुसलेलाच येणार.

पण एफ/२चेही स्वतःचे नखरे आहेत. क्रॉप बॉडीवर ५० मिमीनं तीन मीटरवरून एफ/२ला काढलंत तर फोकसमध्ये राहणारी खोली सुमारे २७ सेंमी असते, वीतभराहून थोडी जास्त. नवरा-नवरी शेजारी शेजारी उभे असतील तर ठीक. एक पुढे एक मागे झाला की दुसरा मऊ झालाच. अशा वेळी २.८पर्यंत मिटवा. शिवाय कॅननच्या क्रॉप बॉडीवर ५० मिमी ही ८०सारखी दिसते, छोट्या हॉलमध्ये पाठ भिंतीला लागते. निकॉनवाल्यांसाठी ३५ मिमी एफ/१.८ची डीएक्स (क्रॉप सेन्सरसाठीची) लेन्स आहे, ती या कामाला सोन्यासारखी. कॅननची २४ मिमी एफ/२.८ आटोपशीर आणि छान आहे, पण किट लेन्सच्या तुलनेत तिचा फायदा एका स्टॉपचाच, हे जाणून घ्या.

निकॉनवाल्यांनो, आणखी एक. डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते. ५० मिमी एफ/१.८डी ही जुनी लेन्स स्वस्तात मिळते म्हणून घेतलीत तर ऑटोफोकस होणार नाही, हातानं करावा लागेल. जी अक्षराची घ्या. आणि पुढे झेड माउंटवर, म्हणजे निकॉनच्या आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर, गेलात तरी एफटीझेड अडॅप्टरवर त्या डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्सेस मात्र अडॅप्टर लावून मिररलेस आरएफ बॉडीवर व्यवस्थित चालतात. म्हणून आज लेन्स घेताना उद्याच्या बॉडीचाही विचार करायचा. बॉडी चार-पाच वर्षांनी बदलते, चांगली लेन्स पंधरा वर्षं राहते.

पक्षी काढणाऱ्यांना वेगळं सांगतो. भिगवणला फ्लेमिंगो काढायला जाणारे कित्येक जण फुल फ्रेमची स्वप्नं बघतात. त्यांच्यासाठी ते बऱ्याचदा पाऊल मागे असतं. लेन्स तीच ठेवून २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपवरून २४ मेगापिक्सेलच्याच फुल फ्रेमवर गेलात, तर पक्षी फ्रेममध्ये लहान होतो. पूर्वीइतका मोठा दिसण्यासाठी कापलंत की हातात साडेदहा मेगापिक्सेलच्या आसपास उरतात. तिथे गरज लांब लेन्सची, आणि त्याहून जास्त नाववाल्याशी गोडीगुलाबीनं बोलून योग्य बाजूनं, हळू जवळ जाण्याची असते.

बॉडी खरंच बदलायची वेळ कधी येते

येते. मी जुन्याचा हट्ट धरणारा नाही. वहीत पुढच्यापैकी काही वारंवार दिसत असेल तर बॉडी घ्या, आणि मागे-पुढे बघू नका.

पैसे घेऊन लग्नं काढता आणि तुमच्या बॉडीत कार्डाचा एकच खाचा आहे, हे मला सगळ्यांत मोठं कारण वाटतं. काही वर्षांपूर्वी नात्यातल्याच एका लग्नात माझं कार्ड संध्याकाळी संगणकानं वाचलं नाही. सकाळची हळद आणि देवक त्यात होतं. पुष्कळ खटपटीनंतर काही फोटो परत मिळाले, पण आजी नवरीला हळद लावतानाचा फोटो मिळाला नाही. आजी पुढच्याच वर्षी गेल्या. त्या घरी गेलो की अजून तो फोटो आठवतो. तेव्हापासून दोन खाच्यांच्या बॉडीशिवाय ऑर्डर घेत नाही, आणि दोन्हींवर एकदमच लिहिलं जाईल असं लावून ठेवतो. याला कौशल्याचा पर्याय नाही. लग्न पुन्हा लागत नाही.

दुसरं, मुंडावळ्यांच्या मोत्याचा प्रश्न. एक बिंदू डोळ्यावर ठेवून थांबलेला माणूस निघतो, पण सप्तपदीत चालणारी, वरातीत नाचणारी माणसं मोठ्या छिद्रावर निघत नाहीत. अलीकडच्या मिररलेस बॉडी डोळा ओळखतात आणि जवळजवळ पूर्ण फ्रेमभर त्याच्या मागे जातात. गेल्या दहा वर्षांत कॅमेऱ्यांत जे काही बदललं त्यातला हाच बदल माझ्या रोजच्या कामात खरा जाणवला. वहीत दर लग्नामागे फोकस चुकलेल्या दहा-पंधरा ओळी असतील, आणि तुम्ही एका बिंदूची सवय लावूनही त्या कमी होत नसतील, तर हा खर्च सार्थकी लागेल.

तिसरं, आवाज. बालगंधर्वला प्रयोग चालू असताना शांत प्रसंगात डीएसएलआरचा आरसा खाडकन वाजला की पुढच्या तीन रांगा मागे वळून बघतात. नाटक, शास्त्रीय गाणं, प्रार्थना काढणाऱ्याला मूक शटर हवंच. फक्त एक लक्षात ठेवा. साध्या सेन्सरवर इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो आणि दिवा मधल्या मधे लुकलुकत असतो. झपाट्यानं वाचणारे स्टॅक्ड सेन्सर यातून बरेच सुटतात, पण ते महाग. म्हणून रंगीत तालमीला जाऊन त्याच दिव्यांखाली चाचणी घेतल्याशिवाय याच्यावर पैसे लावू नका.

बाकी कारणं थोडक्यात. गिऱ्हाईक व्हिडिओ मागतंय आणि तुमची बॉडी फोर केच करत नाही. सह्याद्रीत पावसाळाभर काम आहे आणि बॉडीला पाण्यापासून संरक्षण नाही. शटर गेलं आणि दुरुस्तीचा खर्च बॉडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जातोय.

मेगापिक्सेल मात्र या यादीत नाहीत. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके, इंचाला ३०० धरले तर २० गुणिले १३ इंचांची छपाई. अल्बमचं ३६ इंची पूर्ण पान एकाच फोटोनं भरलं तरी इंचाला १६६ ठिपके मिळतात, आणि मांडीवर अल्बम घेऊन बघणाऱ्याला फरक कळत नाही. २४वरून ४५वर गेल्यावर फोटोची रुंदी जेमतेम ३७ टक्क्यांनी वाढते. फायली मात्र जवळजवळ दुप्पट होतात.

पाचवं काम: भाड्यानं आणा, पण खऱ्या कामावर

आता मनात एक साधन पक्कं झालंय. ते एका दिवसासाठी भाड्यानं आणा. मोठ्या शहरांत लेन्स-बॉडी भाड्यानं देणारे भरपूर आहेत, तालुक्याच्या ठिकाणी एखादा सीनिअर फोटोग्राफर देतो. घरी आणून मांजराचे फोटो काढून काही कळत नाही. खऱ्या लग्नात न्या. तुमचं जुनं साधन मुख्य ठेवा, भाड्याचं जोडीला. रात्री वही उघडा आणि बघा, ज्या ओळी दर वेळी यायच्या त्या आज आल्या का? आल्या असतील तर दिवसाच्या भाड्यात लाख वाचले.

याच वेळी विकत की भाड्यानं हेही कळतं. समजा लेन्स १,२०,००० रुपयांची आहे, तीन वर्षांनी ७०,०००ला जाईल असा अंदाज, आणि दिवसाचं भाडं १,२००. म्हणजे तीन वर्षांत तुमचे जाणार ५०,०००, आणि तेवढ्या पैशांत भाड्यानं ४१-४२ दिवस मिळतात. वर्षाला चौदा दिवसांपेक्षा जास्त लागणार असेल तर विकत, नाहीतर भाड्यानंच आणा. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत हीच.

पैशांचा पूर्ण आकडा

दुकानात बॉडीची किंमत लिहिलेली असते, ती खर्चाची सुरुवात असते. दोन जास्तीच्या बॅटऱ्या, दोन वेगवान कार्डं, अडॅप्टर, आणि क्रॉपसाठीच्या लेन्स फुल फ्रेमवर पुरत नाहीत म्हणून नवी लेन्स, हे सगळं एका कागदावर मांडा. फायलींचंही मांडा. ३००० फोटोंचं लग्न २४ मेगापिक्सेलच्या रॉमध्ये साधारण ८०-८५ जीबी होतं, ४५मध्ये १५० जीबीच्या घरात. दोन ठिकाणी जपायचं म्हणजे दुप्पट. संगणक जुना असेल तर तो या फायलींखाली बसतो, आणि मग तोही आला. माझ्या अनुभवात बॉडीच्या किमतीवर निदान तिसरा हिस्सा आणखी धरावा.

बिनव्याजी हप्ता घेताना रोख घेतल्यास किती सूट मिळते ते विचारा. अनेकदा तीच सूट व्याजाच्या जागी गेलेली असते. त्यावर बँकेची प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी निराळा. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नोंदणी असेल तर तुमचा नंबर घातलेलं बिल घ्या, विचारा की ती रक्कम कशी वळती होते. "बिल नको, पाच हजार कमी करतो" हे ऐकू नका. मी एकदा ऐकलं होतं. लेन्स बाहेरून आलेली निघाली, भारतातली वॉरंटी नव्हती, आणि आठ महिन्यांत तिची फोकस मोटर गेली तेव्हा सगळा खर्च माझ्या खिशातून झाला.

धंद्यासाठी घेत असाल तर स्वतःला एवढं विचारा: या साधनानं कोणतं नवं काम येईल किंवा कोणतं काम हातातून जायचं थांबेल, आणि ते किती महिन्यांत पैसे फेडेल? एका सीझनमध्ये निम्मे तरी फिटत नसतील तर मी थांबतो. हौसेसाठी घेत असाल तर हा हिशेब लागू नाही. हातात घेतल्यावर घराबाहेर पडावंसं वाटतं, हे कारणही खरं आहे. फक्त घर चालवायच्या पैशांतून नको.

सेकंडहॅन्ड घेताना

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार असो की ओळखीतला कुणी असो, दिवसाउजेडी भेटा आणि आपलं कार्ड, आपली चार्ज केलेली बॅटरी घेऊन जा. निकॉनच्या फोटोतच शटर किती वेळा पडलं ते नोंदलेलं असतं, बाकीच्यांचं कंपनीनुसार काढावं लागतं. सुरुवातीच्या वर्गातल्या बॉडी साधारण एक लाख वेळांच्या हिशेबानं बनवलेल्या असतात, वरच्या दीड-दोन लाखांच्या. लग्नवाल्याची बॉडी दोन-तीन सीझनमध्येच लाखाच्या जवळ जाते, हे लक्षात घेऊन भाव करा.

एफ/१६ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ आणि चरे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतील. धूळ निघते, चरा निघत नाही. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाइलची टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस. कोकण, मुंबई, गोवा इथे वापरलेल्या लेन्समध्ये हे जास्त बघावं लागतं. काठाला किंचित असेल तर साफ होतं, पण काचेवरचा लेप खाल्ला असेल तर राहू द्या. बंद कॅमेरा हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर घाबरू नका. इनबॉडी स्थिरीकरण असलेल्या काही बॉडीत सेन्सर मोकळा असतो. मूळ बिल आणि बॉडीवरचा नंबर जुळतोय ना ते मात्र बघाच, चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

कधी घ्यायचा, आणि घेतल्यावर

ऐन सीझनमध्ये घेऊ नका. तुळशीचं लग्न झालं की तारखा सुरू होतात, आणि दिवाळीच्या सवलतीत घेतलेला कॅमेरा आठ-दहा दिवसांत मंडपात जातो. बटणं कुठे आहेत ते बोटांना कळलेलं नसतं. चातुर्मासात मोकळा वेळ असतो, तेव्हा घ्या, गणपतीची मिरवणूक काढा, नवरात्रातला गरबा काढा. हलती माणसं, रात्र, रंगीत दिवे, सगळी परीक्षा त्यात होऊन जाते.

जुनी बॉडी लगेच विकू नका. क्रॉपची जुनी बॉडी आज बाजारात फारसं काही देत नाही, आणि खांद्यावर दुसरी बॉडी असणं ही लग्नातली मोठी सोय आहे. मे महिन्यात आलेल्या त्या मुलानं शेवटी ५० मिमी आणि एक फ्लॅश घेतला. वही चालू ठेवली आहे. परवा फोन आला होता. हाराच्या ओळी आता वहीत येत नाहीत, मोत्याच्या येतात. पुढच्या वर्षी तो मिररलेस घेईल आणि बरोबर करेल.

त्याला तेव्हाच सांगून ठेवलंय, दोन बॉडी घेऊन पहिल्या लग्नाला जाशील तेव्हा सकाळी चहाच्या आधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळव. नाहीतर संगणकावर फोटो वेळेप्रमाणे लावताना एका कॅमेऱ्यात अंतरपाट अजून धरलेला असतो आणि दुसऱ्यात अक्षता पडून गेलेल्या असतात.